लहान मंडळीने नवा पाळक शोधण्याआधी काय ठरवावे?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागातील आमच्या लहानशा एपिस्कोपल मंडळीच्या रेक्टरबाई, म्हणजे आमच्या प्रमुख पाळक, येत्या काही महिन्यांत निवृत्त होत आहेत. या चर्चच्या नियमांनुसार पाळकाला वयाच्या ७२ व्या वर्षी पद सोडावेच लागते, त्यामुळे ही वेळ येणार हे सर्वांना ठाऊक होते. तरीही ती जवळ आल्यावर मंडळीत अस्वस्थता पसरली आहे. रविवारच्या उपासनेला आमच्याकडे चाळीसच्या आसपास माणसे असतात आणि त्यांतली बरीचशी साठी ओलांडलेली आहेत. नवा पाळक शोधण्याची जबाबदारी व्हेस्ट्रीवर, म्हणजे वार्षिक सभेने निवडलेल्या कारभारी मंडळावर असते, आणि त्या मंडळाची मी सदस्य आहे. येथे लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (उत्तर भारतातील प्रॉटेस्टंट परंपरांच्या संयुक्त चर्चच्या) मंडळ्यांत वाढलेले आहेत, काही वसईचे कॅथलिक आहेत, आणि काहींना लहान संस्था चालवण्याचा दीर्घ अनुभव आहे. या सर्वांचे मत मला हवे आहे, म्हणून विषय सविस्तर मांडते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. 'आपल्याला पाळक कसा हवा?' हा प्रश्न लहान मंडळीने सर्वांत शेवटी विचारावा. पाळकावाचून होऊच शकत नाही असे काम नेमके कोणते आणि उरलेले काम आपल्यापैकी कोण उचलणार, याचे लेखी उत्तर आधी तयार करावे, आणि ते तयार होईपर्यंत कोणाकडेही नाव मागू नये.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. एपिस्कोपल चर्च हे जगभरच्या अँग्लिकन परिवारातील अमेरिकेचे चर्च. येथे रेक्टरची निवड बिशप करत नाहीत, व्हेस्ट्री करते. मात्र मतदानापूर्वी उमेदवाराचे नाव बिशपांकडे पाठवावे लागते आणि त्यांना आपले मत कळवण्यासाठी ६० दिवसांपर्यंतचा अवधी द्यावा लागतो. एकदा रेक्टर नेमला गेला की व्हेस्ट्री त्याला स्वतःच्या अधिकारात काढू शकत नाही आणि रेक्टरही व्हेस्ट्रीच्या संमतीवाचून राजीनामा देऊ शकत नाही. संबंध तुटण्याइतके ताणले गेले तर प्रकरण बिशपांपुढे जाते. नाते इतके पक्के असल्यामुळे निवड घाईने करता येत नाही. मंडळीने आधी स्वतःचा अभ्यास करायचा, त्यातून मंडळीचा परिचय सांगणारी पुस्तिका तयार करायची, चर्चच्या राष्ट्रीय कार्यालयाच्या संकेतस्थळावर जागा जाहीर करायची, धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या, अधिकाऱ्यांमार्फत नावे आली की मुलाखती घ्यायच्या, पार्श्वभूमीची तपासणी करायची, आणि मग मतदान. यात वर्ष सहज जाते. तोपर्यंत रविवारी कोणी निवृत्त पाळक येऊन उपासना चालवतात, किंवा बिशप व्हेस्ट्रीशी सल्लामसलत करून प्रीस्ट-इन-चार्ज, म्हणजे रेक्टरपद न देता मंडळी सांभाळणारा पाळक, नेमतात.

आता मुख्य मुद्दा. मागच्या बैठकीत आम्ही रेक्टरबाईंकडे त्यांच्या एका साध्या आठवड्याची नोंद मागितली आणि ती फळ्यावर जशीच्या तशी उतरवली. उपदेशाची तयारी, रविवारची उपासना, शुश्रूषागृहातील दोन वृद्ध भगिनींना प्रभुभोजन नेऊन देणे, एका कुटुंबाशी अंत्यविधीविषयी बोलणे, हे तर त्यात होतेच. पण त्याखाली होते: शुक्रवारी उपासनापत्रिका टाइप करून तिच्या प्रती काढणे, सभागृहात जमणाऱ्या दारूमुक्ती गटासाठी मंगळवारी संध्याकाळी कुलूप उघडणे आणि रात्री पुन्हा लावणे, तळघरातील फर्नेस (इमारत उबदार ठेवणारी भट्टी) दुरुस्त करणाऱ्या कारागिराची वाट पाहत सबंध सकाळ घालवणे, विमा कंपनीच्या पत्राला उत्तर, छपराचे अंदाजपत्रक, अन्नवाटपासाठी आलेल्या डब्यांची मोजणी. फळा भरल्यावर आमच्या खजिनदारांनी ज्या कामांना पाळकीय दीक्षा लागते तेवढ्याच ओळींखाली लाल खडूने रेघ ओढली. रेघा फारच थोड्या झाल्या. सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि मग एका ज्येष्ठ सभासदांनी 'कुलूप मी पाहतो' असे सांगितले. शोधाची खरी सुरुवात मी तेथून मोजते.

दीक्षेवाचून होऊ शकत नाही ते काम असे: प्रभुभोजनाचा विधी चालवून भाकर आणि द्राक्षारस पवित्र करणे, पापक्षमेची घोषणा करणे आणि देवाच्या नावाने मंडळीला आशीर्वाद देणे. हे मंडळीच्या जीवनाचे केंद्र आहे, आणि ते वेळापत्रकातील तासांवर मोजण्यासारखे नाही. परंतु सकाळची प्रार्थना सामान्य सभासद चालवू शकतो. बिशपांकडून परवाना घेतलेला सभासद उपदेश करू शकतो, आणि रविवारच्या उपासनेतील प्रभुभोजन आजारी माणसाच्या घरी नेऊ शकतो. अंत्यविधीची उपासनादेखील गरज पडल्यास सामान्य सभासदाला चालवता येते. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातील प्रश्नोत्तरीत 'चर्चचे सेवक कोण?' असा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात सामान्य विश्वासी, बिशप, प्रीस्ट (दीक्षित पाळक) आणि डीकन (मदतनीस दीक्षित सेवक) असा क्रम आहे. सामान्य माणूस तेथे पहिला आहे. हे उत्तर आम्ही दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या, वर्गात मुलांना शिकवतो, आणि नवा पाळक शोधायची वेळ आली की त्याच्याप्रमाणे वागण्याचे आम्हाला सुचत नाही.

पैशांचा विचार येथेच करावा लागतो. पाळकाला वेतन आणि घरभत्ता मिळून वर्षाला ६०,००० डॉलर देतो असे उदाहरणादाखल धरले, तर त्यावर १८ टक्के, म्हणजे १०,८०० डॉलर, मंडळीने चर्चच्या पेन्शन फंडात भरायचे असतात. त्यावर आरोग्यविमा, प्रवासखर्च आणि पाळकाच्या पुढील शिक्षणाचा खर्च. सामाजिक सुरक्षेच्या करासाठी पाळक स्वयंरोजगारी मानला जातो, त्यामुळे १५.३ टक्क्यांचा तो सबंध कर त्यालाच भरावा लागतो. त्यातील निम्मा भार मंडळीने उचलावा अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते. पेन्शनची टक्केवारी काही सभासदांना जाचक वाटते. त्यांना मी एवढेच सांगते की १९१७ मध्ये हा फंड सुरू होण्यापूर्वी आयुष्यभर सेवा केलेले पाळक आणि त्यांच्या विधवा म्हातारपणी अक्षरशः दानावर जगत असत, आणि मॅसॅच्युसेट्सचे बिशप विल्यम लॉरेन्स यांनी ती लाजिरवाणी स्थिती संपवण्यासाठी देशभर फिरून निधी उभा केला. तेथे काटकसर करणे मला मान्य नाही.

हिशेब मांडल्यावर आमच्यासारख्या मंडळीला पूर्णवेळ पाळक परवडत नाही हे उघड होते. मग सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे अर्धवेळ पाळक. त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो अर्धा पगार देऊन सगळा फळा त्याच्या गळ्यात घालण्याला. अशा जागेवर येणारा पाळक आठवड्यातील वीस तासांचा करार करतो, चाळीस तास राबतो, दुसऱ्या नोकरीत मागे पडतो आणि दोन-तीन वर्षांत थकून निघून जातो. मग मंडळी पुन्हा नव्या माणसाच्या शोधाला लागते. आजूबाजूच्या मंडळ्यांत हे घडताना मी पाहिले आहे आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो, कारण त्यात एका सेवकाची उमेद खर्ची पडते.

आणखी एक गोष्ट. परिचय-पुस्तिकेच्या पहिल्या मसुद्यात 'तरुण कुटुंबांना आकर्षित करू शकेल असा पाळक' असे वाक्य आले आहे. ते काढावे असा माझा आग्रह आहे. गावातली खाण आणि कारखाना बंद पडल्यावर तरुण कुटुंबे कामासाठी शहरांकडे गेली. त्यांना परत आणण्याची जबाबदारी वीस तासांच्या पाळकावर टाकणे न्याय्य नाही. त्याऐवजी आमच्याकडे जे आहे ते लिहावे: शनिवारचे अन्नवाटप, उत्तम ऑर्गन, एकमेकांच्या आजारपणात धावून जाणारी माणसे, आणि छपराला लागणारा खर्च.

आपले अनुभव आणि आक्षेप दोन्ही कळवावेत.

प्रतिसाद (अहमदनगरहून)

ताई, लेख आवडला, पण मूळ पद्धतीविषयीच माझी शंका आहे. आमच्याकडे पाळकसाहेबांची नेमणूक आणि बदली बिशप करतात. काही वर्षे झाली की बदलीचा आदेश येतो, निरोपसमारंभ होतो आणि पुढच्या रविवारी नवे पाळकसाहेब वेदीपाशी उभे असतात. यात तक्रारी असतात, ओळखीपाळखीचे आरोपही होतात, हे मी नाकारत नाही. पण लहान आणि गरीब मंडळीला पाळक मिळतो, कारण धर्मप्रांत सर्वांचा मिळून विचार करतो. तुमच्या पद्धतीत ज्या मंडळीकडे पैसा आहे तिला चांगला पाळक मिळणार आणि खेड्यातली मंडळी वाट पाहत बसणार. निवडीचा अधिकार मंडळीच्या हाती देण्याचे कारण काय?

लेखिकेचे उत्तर

दादा, तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि गरीब मंडळ्या मागे राहतात हे येथील अनेक बिशपांनाही बोचते. ही पद्धत का आली, हे इतिहासात पाहावे लागते. अमेरिका इंग्लंडची वसाहत असताना येथे एकही बिशप नव्हता. दीक्षा घेण्यासाठी तरुणांना समुद्र ओलांडून इंग्लंडला जावे लागे. बिशप नाहीत म्हटल्यावर मंडळीचा कारभार व्हेस्ट्रीच्या हाती आला. व्हर्जिनियात तर व्हेस्ट्रीतील जमीनदार मंडळी पाळकाची कायम नेमणूक टाळून त्याला वर्षावर्षाच्या बोलीवर ठेवीत, म्हणजे त्याने त्यांच्या मनाविरुद्ध काही बोलू नये. स्वातंत्र्यानंतर पहिले बिशप सॅम्युअल सीबरी यांना १७८४ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जाऊन अभिषेक घ्यावा लागला, कारण इंग्लंडमध्ये राजनिष्ठेची शपथ आडवी येत होती. १७८९ मध्ये फिलाडेल्फियात या चर्चची घटना तयार झाली तेव्हा व्हेस्ट्रीची सत्ता तिच्या आधीपासून घट्ट रुजलेली होती.

आजचे नियम या इतिहासातून घडले आहेत. निवड मंडळीची, पण बिशपांना विचारून. आणि एकदा निवडलेल्या रेक्टरला मंडळीच्या लहरीपासून संरक्षण. व्हर्जिनियातील त्या वर्षावर्षाच्या बोलीची आठवण ठेवली तर हे संरक्षण का हवे ते समजते. मंडळीला न आवडणारे सत्य वेदीवरून बोलायचे तर पाळकाच्या पायाखाली जमीन हवी. माझ्या मते बदलीच्या पद्धतीत मंडळीला पाळक मिळतो, पण 'आपण कोण आहोत आणि आपल्याला काय जमते' हा प्रश्न तिला कधी पडत नाही. आमच्या पद्धतीत तो टाळताच येत नाही.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

मी दुसऱ्या एका एपिस्कोपल मंडळीचा खजिनदार आहे. १८ टक्क्यांच्या हिशेबात एक गोष्ट जोडतो. मंडळीने पाळकाला राहायला घर दिले तरी त्या घराचे मूल्य पेन्शनच्या हिशेबात धरले जाते, त्यामुळे 'घर आमचेच आहे, तेवढी बचत' असे समजून अंदाजपत्रक करू नये. जुन्या रेक्टरीचे (पाळकासाठी असलेल्या घराचे) छप्पर, नळ आणि कर यांचा खर्च वेगळा लिहून काढावा; अनेकदा घर विकून किंवा भाड्याने देऊन पाळकाला घरभत्ता देणे दोघांच्याही हिताचे ठरते.

दुसरे, ठेवींविषयी. लहान मंडळ्यांकडे कधी काळी कोणी मृत्युपत्राने ठेवलेली रक्कम असते आणि पाळकाचा पगार भागवण्यासाठी ती दरवर्षी थोडी थोडी खाल्ली जाते. कोणत्या वर्षी ती संपेल हे उमेदवाराला मुलाखतीत स्पष्ट सांगावे. मोठ्या शहरातील नोकरी सोडून, मुलांच्या शाळा बदलून येणाऱ्या माणसापासून हे लपवणे म्हणजे फसवणूकच होय.

प्रतिसाद (पुण्याहून)

आमचे घराणे पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचे. तेथे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथून आलेल्या फादरांनी सेवा केली. ख्रिस्ती झालेले पंडित नहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांचाही त्यांच्याशी निकटचा संबंध होता. व्रतस्थ फादरांचा निर्वाह संघ चालवीत असल्यामुळे मंडळीवर पगाराचा बोजा नव्हता. त्याच काउली फादरांच्या संघाचा मठ मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आहे आणि तो एपिस्कोपल चर्चमध्येच मोडतो, असे ऐकून आहे. पगाराचा प्रश्न सुटत नसेल तर अशा व्रतस्थांकडे, किंवा मंडळीतल्याच एखाद्या अनुभवी माणसाला दीक्षा देण्याकडे, तुमचे चर्च का वळत नाही?

लेखिकेचे उत्तर

मठाविषयी आपण ऐकले ते बरोबर आहे, आणि पंचहौदचा उल्लेख वाचून फार आनंद झाला. व्रतस्थ बंधूंची संख्या मात्र इतकी कमी आहे की गावोगावच्या मंडळ्यांसाठी त्यांच्याकडे पाहता येत नाही.

आपला दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. उत्तर चीनमध्ये मिशनरी असलेले अँग्लिकन पाळक रोलंड ॲलन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगितले होते की पगारी पाळक मिळेपर्यंत मंडळीला प्रभुभोजनावाचून ठेवणे चुकीचे आहे. त्या त्या ठिकाणच्या विश्वासू, जाणत्या माणसांना दीक्षा द्यावी आणि त्यांनी आपला व्यवसाय सांभाळून सेवा करावी. हा विचार अमेरिकेत प्रत्यक्षात आणण्याचा मोठा प्रयत्न नेवाडाचे बिशप वेस्ली फ्रेन्सडॉर्फ यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. नेवाडात गावे एकमेकांपासून शेकडो मैलांवर आणि मंडळ्या अगदी लहान. तेथे मंडळीनेच आपल्यातल्या काहींना हाक द्यायची, त्यांनी स्थानिक पातळीवर शिक्षण घ्यायचे, एकाने प्रभुभोजन चालवायचे, दुसऱ्याने उपदेश करायचा, तिसऱ्याने आजाऱ्यांना भेटायचे. नॉर्दर्न मिशिगनच्या धर्मप्रांतानेही पुढे हीच वाट धरली.

या पद्धतीतही अडचणी आहेत. पहिली पिढी उत्साहाने उभी राहते आणि ती थकल्यावर दुसरी मिळतेच असे नाही. लहान गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक किंवा शेजारी असतात, त्यामुळे मनातले पाप सांगायला किंवा घरातले भांडण मिटवायला बाहेरचा पाळक बरा वाटतो. तरीही आमच्या मंडळीत दीक्षेसाठी हाक द्यावी असे कोणी आहे का, हा प्रश्न जाहिरातीपूर्वी प्रार्थनापूर्वक विचारला जावा, असे मी पुढच्या बैठकीत सुचवणार आहे.

प्रतिसाद (वसईहून)

आमच्याकडे फादर नेमण्याचा अधिकार बिशपांचाच, त्यामुळे मुलाखतीची कल्पना मला नवीन आहे. दोन प्रश्न आहेत. तुमचे पाळक विवाहित असतात, मग जोडीदाराविषयी चौकशी करता का? आणि स्त्री-पाळक घेण्याविषयी मंडळीत मतभेद होतात का?

लेखिकेचे उत्तर

जोडीदाराविषयी मुलाखतीत विचारू नये, असे आम्हाला धर्मप्रांताकडून स्पष्ट सांगितले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पूर्वी पाळकाची पत्नी म्हणजे बिनपगारी दुसरा पाळक असे गृहीत धरत. रविवारची शाळा, महिला मंडळ, चहापान सगळे तिच्याकडे. ती प्रथा संपायलाच हवी होती. उमेदवाराने स्वतः विचारले तर गावातल्या शाळा, दवाखाना, नोकऱ्या यांची खरी माहिती मात्र आपण द्यावी.

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न या चर्चने फार संघर्षाने सोडवला आहे. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना, नियमात स्पष्ट परवानगी नसताना, निवृत्त बिशपांनी प्रीस्ट म्हणून दीक्षा दिली. त्यावरून मोठे वादळ उठले, आणि १९७६ च्या सर्वसाधारण अधिवेशनाने ही दीक्षा नियमात बसवली. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बार्बरा हॅरिस या साऱ्या अँग्लिकन परिवारातील पहिल्या स्त्री-बिशप झाल्या. आमच्या मंडळीला रेक्टरबाईंची इतकी सवय झाली आहे की एका लहान मुलीने 'पुरुषसुद्धा पाळक होऊ शकतात का?' असे विचारले होते.

मुलाखतीत गुप्ततेची काळजी फार घ्यावी लागते. उमेदवार सध्या दुसऱ्या मंडळीत सेवा करत असतो आणि तो अर्ज करत आहे हे तेथे कोणाला ठाऊक नसते. नाव बाहेर फुटले तर त्याचे तिथले नाते बिघडते. समितीतल्या कोणी घरी, अगदी पती-पत्नीलाही, नाव सांगू नये, अशी शपथच आम्ही घेतली आहे. चाळीस माणसांच्या मंडळीत हे अवघड असते, कारण चहाच्या टेबलावर सगळे सगळ्यांना विचारतात.

प्रतिसाद (ओहायोहून)

आमच्या गावात एपिस्कोपल आणि लुथरन अशा दोन लहान मंडळ्यांनी मिळून एकच पाळक ठेवला आहे. एका रविवारी एका इमारतीत उपासना, पुढच्या रविवारी दुसऱ्या. सुरुवातीला कोणते प्रार्थनापुस्तक वापरायचे आणि कोणाच्या स्वयंपाकघरात जेवण करायचे यावर बरीच चर्चा झाली, पण आज दोन्ही मंडळ्या तग धरून आहेत आणि पाळकाला पूर्ण पगार मिळतो. तुम्ही हा पर्याय पाहिला आहे का?

लेखिकेचे उत्तर

पाहत आहोत. एपिस्कोपल चर्च आणि इव्हँजेलिकल लुथरन चर्च यांच्यातील करार १ जानेवारी २००१ पासून लागू आहे आणि त्यामुळे एका चर्चचा दीक्षित पाळक बिशपांच्या संमतीने दुसऱ्या चर्चच्या मंडळीत सेवा करू शकतो. आमच्यापासून आठ मैलांवर तशी एक लुथरन मंडळी आहे आणि तिचीही अवस्था आमच्यासारखीच आहे. तुमच्या अनुभवातून मला हे जाणून घ्यायचे आहे की संयुक्त पाळकाचा करार दोन्ही मंडळ्यांनी एकच केला की वेगवेगळा, आणि व्हेस्ट्री व लुथरन कौन्सिल यांच्या बैठका एकत्र होतात का. पाळकाने दर महिन्याला दोन कारभारी मंडळांपुढे बसायचे असेल तर ती संध्याकाळही फळ्यावर लिहायला हवी.

केवळ इमारत वाचवण्यासाठी एकत्र येऊ नये, असे मात्र मला वाटते. आमच्याकडे शनिवारी अन्न घ्यायला येणाऱ्यांची संख्या रविवारच्या उपस्थितीपेक्षा जास्त असते. दोन मंडळ्यांनी मिळून त्या लोकांसाठी काही अधिक करता येणार असेल तर ती एकत्र येण्याची योग्य वेळ.

प्रतिसाद (अहमदनगरहून)

आपल्याकडचा एखादा मराठी पाळक तिकडे येऊ शकतो का? चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला झाली तेव्हा अँग्लिकन परंपरा तिच्यात सामील झाली, म्हणजे नाते आहेच. आमच्या ओळखीचे दोन तरुण पाळक उत्सुक आहेत. आणि निवड झाल्यावर नेमणुकीचा विधी कसा असतो तेही सांगावे.

लेखिकेचे उत्तर

नाते आहे आणि मार्गही आहे, पण त्यांनी थेट आमच्या व्हेस्ट्रीला पत्र लिहून उपयोग नाही. त्यांच्या बिशपांनी लेखी शिफारस द्यावी लागेल, येथील बिशपांनी त्यांना स्वीकारावे लागेल, आणि धार्मिक सेवकांसाठीच्या व्हिसाची प्रक्रिया स्वतंत्र आहे. अर्धवेळ जागेवर कुटुंबासह परदेशातून येणे मी कोणाही तरुणाला सुचवणार नाही. शहरातील ज्या मोठ्या मंडळ्यांत सहायक पाळक असतात तेथे त्यांनी आधी चौकशी करावी.

नेमणुकीचा विधी फार सुंदर आहे. बिशप येतात आणि मंडळीतली माणसे एकामागून एक पुढे येऊन नव्या पाळकाच्या हाती वस्तू देतात: बायबल, पाण्याचे पात्र, स्टोल (पाळकाच्या गळ्यातील पट्टा), प्रार्थनापुस्तक, तेल, चर्चच्या किल्ल्या, भाकर आणि द्राक्षारस. प्रत्येक वस्तू देताना एक वाक्य म्हटले जाते. किल्ल्या व्हेस्ट्रीच्या वॉर्डनने, म्हणजे तिच्या प्रमुखाने, द्यायच्या असतात. मंगळवारचे कुलूप ज्यांनी स्वीकारले आहे त्यांनी त्या जुडग्यातली सभागृहाची किल्ली स्वतःकडेच राहील, असे आत्ताच सांगून ठेवले आहे, आणि ते करारात लिहून घ्यावे, असा ठराव मी मांडला आहे.

मावळत्या रेक्टरबाईंविषयी कोणी विचारले नाही, पण तेही ठरवावे लागते. निवृत्तीनंतर त्या याच गावात राहणार आहेत, मात्र उपासनेला दुसऱ्या मंडळीत जातील, आणि नव्या पाळकाने बोलावल्याशिवाय येथे लग्न, बाप्तिस्मा किंवा अंत्यविधी चालवणार नाहीत. काही कुटुंबांना हे कठोर वाटते, कारण त्यांच्या घरची तीन-तीन लग्ने बाईंनी लावली आहेत. तरी नव्या माणसाला जागा मिळायची असेल तर जुन्या माणसाने काही काळ दूर राहणे भाग आहे, आणि बाईंनी ते स्वतःहून लिहून दिले आहे. ते पत्र परिचय-पुस्तिकेसोबत उमेदवारांना पाठवण्याची परवानगी मी त्यांच्याकडे मागितली असून त्यांनी ती दिली आहे. पुस्तिकेचा दुरुस्त मसुदा पुढच्या बैठकीत येईल. 'तरुण कुटुंबे' या वाक्याचे काय झाले ते येथे कळवीन.